रिकामी पुंगळी आणि भरणारे हात



कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून रिव्हॉल्व्हरची काडतुसे आणि अमेरिकेतील हरणांची शिकार यांवर बोलावे, हे वाचून तुमच्यापैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील. चालकांच्याही गेल्या होत्या. त्यांना आमच्याकडून किमान वेतन किंवा कंत्राटी पद्धत यांवर काही हवे होते. ते विषय आम्ही वर्षभर गेटासमोर बोलतच असतो. निदान वसंतात तरी ऐकणाऱ्यांना आणि आम्हालाही त्यातून सुटी असावी. आम्ही शिकारी नाही. आयुष्यात चिमणीवरसुद्धा गलोल रोखलेली नाही. आमचे शिक्षण रात्रशाळेने दिले तेवढेच, आणि इंग्रजी यंत्रांच्या माहितीपुस्तकांतून शब्दकोश उशाशी घेऊन आलेले. मग हा विषय आम्हाला कुठे भेटला? तर पितळात.

वयाच्या सतराव्या वर्षी आम्ही एका पितळी भांड्यांच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर लागलो. पितळी पत्र्याची गोल चकती डायवर ठेवायची, वरून पंच येतो, चकतीची वाटी होते. वाटी पुन्हा दुसऱ्या डायमधून ओढली की ती अरुंद आणि खोल होते. असे दोन-तीनदा झाले की पितळ कडक होते, आणि त्याच दमात पुढे ओढले तर कडेने फाटते. तिथे एक म्हातारे मिस्त्री होते. ते म्हणत, "बाळ, पितळ थकतं. थकल्यावर मारलंस तर फाटंल. आधी भट्टीत जाऊन येऊ दे त्याला, मग बघ कसं वळतंय." त्याच प्रेसवर पुढे आमच्या डाव्या तर्जनीचे एक पेर गेले, भरपाई मागायला गेलो आणि तिथून संघटनेच्या कामात पडलो, ती हकिगत आजची नव्हे. पुष्कळ वर्षांनी वाचनालयात धातुकामाचे एक जुने पुस्तक हाती आले. त्यात काडतुसाची पुंगळी कशी करतात याची चित्रे होती. पाहतो तो आमचीच वाटी! तीच चकती, तेच ओढणे, तीच मधली भट्टी. फरक इतकाच की आमच्या वाटीत आमटी जाते आणि त्या वाटीत दारू. तेव्हापासून या पुंगळीचा पाठलाग आम्ही करीत आहो, आणि त्या पाठलागात जे सापडले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

काडतूस हा शब्द मराठीला पोर्तुगीजांनी दिला, पण तो आपल्या मनात पक्का बसला तो १८५७ मुळे. डमडमची ती चरबी लावलेली काडतुसे, दाताने तोडण्याचा तो हुकूम आणि बराकपूरला २९ मार्च रोजी मंगल पांडे यांनी केलेला उठाव, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ते काडतूस म्हणजे कागदाची सुरळी होती. आत दारू आणि गोळी. एकदा फाडले की संपले. त्यातून परत काही उरत नसे.

त्याच सुमारास अमेरिकेत रिव्हॉल्व्हर चांगलेच फोफावत होते. सॅम्युअल कोल्ट यांनी १८३६ मध्ये तिथे पेटंट घेतले, न्यू जर्सीतील पॅटरसन येथील त्यांचा पहिला कारखाना बुडाला, आणि १८४७ पासून त्यांचे दिवस पालटले. त्या रिव्हॉल्व्हरचे फिरते चक्र पुढून भरावे लागे. प्रत्येक घरात दारू ओतायची, शिशाची गोळी दांडीने ठासायची, मागे तांब्याची बारीक टोपी बसवायची. कागदी काडतुसेही मिळत. पण रानावनात राहणारा माणूस बहुधा दारूचे शिंग, शिसे आणि गोळ्यांचा साचा जवळ बाळगून असे, आणि रात्री शेकोटीवर शिसे वितळवून आपल्या गोळ्या आपणच पाडी. म्हणजे शस्त्र झाडणारा आणि ते भरणारा हे दोन्ही हात एकाच माणसाचे होते.

सैन्याचे मात्र असे नव्हते. सैन्याला काडतुसे लाखांनी लागतात, आणि ती भरायला दुसऱ्या कोणाचे तरी हात लागतात. अमेरिकेच्या यादवी युद्धात हे हात मुख्यतः मुलींचे होते. बोटे बारीक, मजुरी कमी; हे कारण तुम्हाला ओळखीचे वाटेल. १७ सप्टेंबर १८६२ रोजी पिट्सबर्गजवळच्या ॲलेघेनी शस्त्रागारात स्फोट झाला आणि ७८ माणसे गेली. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. रस्त्यावर दारू सांडलेली होती आणि गाडीच्या लोखंडी चाकाची किंवा घोड्याच्या नालाची दगडावर ठिणगी पडली, असा तर्क करण्यात आला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या नागरी पंचांनी अधिकाऱ्यांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. लष्कराने आपली चौकशी केली आणि त्यांना निर्दोष ठरवले. नेमका त्याच दिवशी अँटिएटमची मोठी लढाई झाली, त्यामुळे वर्तमानपत्रांत या मुलींना जागा कमी पडली. पुढे १७ जून १८६४ रोजी वॉशिंग्टनच्या शस्त्रागारात आणखी २१ स्त्रिया जळून गेल्या. त्यांच्या अंत्ययात्रेला खुद्द अध्यक्ष लिंकन गेले होते. रिव्हॉल्व्हरच्या इतिहासाची जाडजूड पुस्तके आम्ही चाळली आहेत. घोडा, चाप, नळी, नक्षी यांवर पानेच्या पाने असतात, आणि या मुलींवर क्वचित एखादी ओळ.

आता धातूच्या पुंगळीकडे येऊ. चक्राची घरे आरपार कोरावीत म्हणजे मागून तयार काडतूस सरकवता येईल, या कल्पनेचे पेटंट रोलिन व्हाइट नावाच्या कारागिराने १८५५ मध्ये घेतले. कोल्टच्या कारखान्याशी त्याचा कामाचा संबंध होता. पण तिथे त्याची डाळ शिजली नाही. १८५६ साली होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी त्याच्याशी करार केला. दर रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट व्हाइटला, आणि पेटंटवर कोणी अतिक्रमण केले तर खटला लढवण्याचा खर्चही व्हाइटचाच! करार वाचताना आम्हाला हसू आले आणि रागही आला. असे करार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. कलमे गोड असतात आणि शेवटचे कलम माणसाला खाते. व्हाइटची मिळकत बहुतांशी वकिलांच्या खिशात गेली. १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपली. ती वाढवून मिळण्याची वाट मोकळी करणारे विधेयक काँग्रेसने मंजूर केले, पण १८७० च्या जानेवारीत अध्यक्ष ग्रँट यांनी ते नाकारले. युद्धकाळात या पेटंटामुळे सरकारची अडवणूक झाली होती, असे लष्कराच्या शस्त्रखात्याचे म्हणणे होते.

स्मिथ आणि वेसन यांची १८५७ ची पहिली पुंगळी तांब्याची, आणि तिचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला. घोडा कडेवर आपटला की कड चेपते आणि बार उडतो. अशी चेपलेली पुंगळी पुन्हा उपयोगाची नाही. पुंगळीला पुनर्जन्म मिळाला तो मसाला बुडाच्या मध्यभागी, वेगळ्या टोपीत ठेवण्याची युक्ती निघाली तेव्हा.

इथे इतिहासाने एक गंमत केली आहे. १८६६ च्या सुमारास दोन कर्नलांनी दोन तऱ्हेच्या टोप्या काढल्या. एक अमेरिकेचे हायरम बर्डन, दुसरे इंग्लंडचे एडवर्ड बॉक्सर. हे बॉक्सर वुलिच शस्त्रागारातील रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख होते. टोपीतला मसाला चेपण्यासाठी एक लहानशी ऐरण लागते. बर्डन यांनी ती पुंगळीच्या बुडातच ठेवली आणि तिच्या दोन्ही बाजूंना ज्वाला जाण्याची दोन बारीक भोके पाडली. बॉक्सर यांनी ऐरण टोपीत घातली आणि पुंगळीच्या बुडाला बरोबर मधोमध एकच भोक ठेवले. काळाच्या ओघात झाले असे की, अमेरिकन माणसाची टोपी युरोपाने उचलली आणि इंग्रजाची टोपी अमेरिकेने! हा फरक दिसायला क्षुल्लक आहे. पण मधोमध एकच भोक असले की तोंडातून एक सुई घालून जळकी टोपी एका दाबासरशी बाहेर पाडता येते. बर्डनच्या पुंगळीत सुईला वाट नाही, टोपी बाहेरून उचकटावी लागते. अमेरिकेत लाखो माणसे घरी बसून काडतुसे भरतात आणि युरोपात त्या मानाने थोडी, याची इतरही कारणे आहेत. परंतु त्या एका भोकाचा वाटा त्यात मोठा आहे.

याच बॉक्सरची काडतुसे स्नायडर बंदुकीबरोबर हिंदुस्थानात आली. त्याची पहिली पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली होती. ओढून काढलेली सलग पुंगळी मागाहून आली. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे याच काळातला. तो आता २०२१ च्या १ ऑक्टोबरपासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत गेला आहे, आणि तिथल्या कामगारांना त्याविषयी काय वाटते हे आम्ही दुसऱ्या व्यासपीठावर सांगू.

परंतु पितळाच्या शास्त्रात हिंदुस्थानचे नाव लागले ते एका रोगामुळे. इंग्रजी फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवून ठेवीत, आणि पावसाळा संपल्यावर पाहावे तो न झाडलेल्या पुंगळ्यांना उभ्या चिरा! कोणी हात लावला नाही, कोणी ठोकले नाही, तरी पितळ आपोआप फुटलेले. पावसाळी मोसमात होणारा रोग म्हणून इंग्रजीत त्याला मोसमी चिरा अशा अर्थाचे नाव पडले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघतो, आणि ओढताना पितळात जो ताण साचून राहिलेला असतो त्या ताणाच्या जागी तो पितळ फोडतो. उपाय काय? पुंगळी तयार झाल्यावर तिला मंद आच देऊन तो ताण काढून टाकणे. आमचे मिस्त्री हेच सांगत होते. इंग्रजी शास्त्रज्ञांनी अमोनिया शोधला हे खरे. पण पितळ थकते आणि त्याला विसावा लागतो, हे ज्ञान भट्टीजवळ आधीपासून होते.

पुंगळी पुन्हा भरणे म्हणजे नेमके काय, ते आता सांगतो. रिव्हॉल्व्हर झाडले की पुंगळ्या चक्रातच राहतात. दांडी दाबली की सहाच्या सहा तळहातावर पडतात. स्वयंचलित पिस्तुलासारख्या गवतात उडून हरवत नाहीत. म्हणून काटकसरी माणसाला हे शस्त्र सोयीचे. बाराने पुंगळी फुगलेली असते, ती पोलादी डायमध्ये दाबून मूळ मापावर आणायची. त्याच वेळी सुईने जळकी टोपी पाडायची. नवी टोपी बुडात बसवायची. तोंड किंचित फुलवायचे, दारू तोलून घालायची, गोळी बसवायची आणि पुंगळीची कड गोळीभोवती आत वळवायची. ही कड नीट वळली नाही तर पहिल्या बाराच्या धक्क्याने चक्रातल्या बाकीच्या गोळ्या पुढे सरकतात आणि चक्र अडते. दर खेपेला पितळ फुगते आणि दाबले जाते, म्हणजे थकते. शेवटी तोंडाला चीर जाते आणि ती पुंगळी भंगारात जाते. सर्वांत भयंकर चूक म्हणजे एकाच पुंगळीत दोनदा माप ओतणे. नव्या धूररहित दारूचे माप इतके थोडे असते की दुप्पट पडले तरी ते पुंगळीत मावते आणि दिसत नाही. म्हणून जाणता माणूस भरलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करतो आणि गोळी बसवण्यापूर्वी दिव्याखाली एकेकीत डोकावतो. एकेकीत! हे वाचले तेव्हा आम्हाला आमची तर्जनी आठवली. प्रेसवर जो माणूस शंभराव्या चकतीलाही पहिल्या चकतीइतकेच पाहतो, त्याची बोटे शाबूत राहतात.

हा उद्योग अमेरिकेच्या पश्चिमेकडील गवताळ मैदानात रुजला. १८७० नंतर तिथे रानगव्यांचा जो संहार झाला तो करणारे शिकारी दारूची पिंपे आणि शिशाच्या लगडी गाडीत घालून नेत, आणि रात्री तळावर बसून दिवसभराच्या पुंगळ्या भरीत. त्या संहाराने तिथल्या आदिवासींचे अन्न तुटले, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. काटकसर ही नेहमीच सद्गुण असते असे नाही. १८७३ मध्ये विंचेस्टर कंपनीची रायफल तिच्या नव्या ४४-४० काडतुसासह आली, आणि १८७८ पासून कोल्टचे रिव्हॉल्व्हरही त्याच काडतुसावर मिळू लागले. मग एकाच पट्ट्यातली काडतुसे दोन्ही शस्त्रांना चालू लागली. विंचेस्टर काडतुसाबरोबर ते पुन्हा भरण्याचे हत्यारही विकत असे. १८८४ मध्ये न्यू हेवनच्या जॉन बार्लो यांनी आयडियल नावाची कंपनी काढली. तिचे सांडशीसारखे हत्यार खोगिराच्या पिशवीत मावे, आणि तिच्या माहितीपुस्तिका गुराख्यांच्या झोपड्यांतून वाचल्या जात. १९२५ मध्ये ती कंपनी लायमन यांच्याकडे गेली.

या पुस्तिका वाचून वाढलेल्या माणसांपैकी एक म्हणजे एल्मर कीथ. हा गृहस्थ आम्हाला फार जवळचा वाटतो. त्याची सगळी मते पटतात म्हणून मात्र नव्हे. त्याचा जन्म १८९९ चा, मिसुरी राज्यातला. लहानपण माँटानात गेले. बारा वर्षांचा असताना मिझूला गावातील एका हॉटेलाला आग लागली आणि त्यात तो भयंकर भाजला. डावा हात पाठीमागे वळून आखडला. वैद्यांनी आशा सोडली तेव्हा त्याने आईवडिलांकडून तो हात मोडून सरळ करून घेतला. शाळा अशी फारशी झाली नाही. पुढे गुरे राखली, घोडी माणसाळवली, आयडाहो राज्यात शिकाऱ्यांना वाट दाखवण्याचे काम केले, आणि रात्री मेजावर बसून काडतुसे भरली.

१९२५ साली त्याच्या हातात कोल्टचे ४५ चे रिव्हॉल्व्हर फुटले. जड गोळी आणि जास्त दारू घातली होती. दुसरा एखादा हा प्रसंग लपवून ठेवता. कीथने फुटलेल्या शस्त्राची हकिगत छापायला पाठवली, आणि त्याचे लेखन तिथून सुरू झाले! मग त्याने विचार केला. ४५ च्या चक्रात भोके मोठी, म्हणून दोन भोकांमधले पोलाद पातळ. तेच चक्र ४४ चे असेल तर पोलाद जास्त राहते. १९०७ पासून ४४ स्पेशल नावाचे एक काडतूस बाजारात होते. कारखाने ते अगदी बेताने भरीत. कीथने तीच पुंगळी घेऊन तिच्यात जड, चपट्या नाकाची शिशाची गोळी बसवली. टोकदार गोळी मांसातून घसरून जाते. चपट्या नाकाची, खांदा असलेली गोळी स्वच्छ भोक पाडते आणि खोल जाते. त्याच्या आराखड्यावर लायमन यांनी साचा काढला, त्याचा क्रमांक ४२९४२१. यातले पहिले तीन आकडे म्हणजे गोळीचा व्यास, इंचाचे सहस्रांश. आजही तो साचा कीथच्या नावाने ओळखला जातो.

गोळ्यांच्या शिशाविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. शुद्ध शिसे मऊ. त्यात कथील आणि अँटिमनी घातले की ते कडक होते. आता शिसे, कथील आणि अँटिमनी हे मिश्रण तुमच्या ओळखीचे आहे, कारण छापखान्यातले खिळे ह्याच मिश्रणाचे असत. अमेरिकेत ऑफसेट छपाई आली आणि जुन्या लायनोटाइप यंत्रांची धातू भंगारात निघाली, तेव्हा काडतुसे भरणाऱ्यांनी ती हौसेने विकत घेतली. आमच्या संघटनेत जुने खिळे जुळवणारे कामगार होते, त्यांना आम्ही हे सांगितले. एक म्हणाले, "साहेब, अग्रलेखाची गोळी झाली म्हणायची!" कॅलिफोर्नियाने मात्र १ जुलै २०१९ पासून शिकारीतील शिशाची गोळी पूर्ण बंद केली आहे; मेलेल्या जनावरातले शिसे खाऊन तिथली काँडोर गिधाडे मरत होती.

पुन्हा कीथकडे. त्याचे लेख वाचून, आणि त्याच्यासारख्या इतरांचे प्रयोग पाहून, कंपन्यांना जाग आली. १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसनने ३५७ मॅग्नम काढले. त्या कामात फिलिप शार्प या हाताने काडतुसे भरणाऱ्या लेखकाचा मोठा हात होता. कंपनीचे डग्लस वेसन स्वतः ते रिव्हॉल्व्हर घेऊन मोठ्या जनावरांच्या शिकारीला गेले आणि त्याची जाहिरात केली. किंमत ६० डॉलर. आणि तो महामंदीचा काळ. कीथला तरीही ४४ च हवे होते. वीस वर्षे तो हेच लिहीत राहिला. अखेर १९५५ च्या डिसेंबरात स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी मिळून ४४ मॅग्नम तयार केले. नवी पुंगळी जुन्या ४४ स्पेशलपेक्षा एक अष्टमांश इंच लांब ठेवली, का? तर ती चुकून जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये शिरू नये. त्या एक अष्टमांश इंचात १९२५ च्या फुटक्या कोल्टची आठवण आहे असे आम्हाला वाटते. गुराख्याने स्वयंपाकघरातल्या मेजावर जे केले ते कारखान्यातून चकचकीत खोक्यात बाहेर पडले. १९७१ मध्ये क्लिंट ईस्टवुड यांच्या 'डर्टी हॅरी' चित्रपटाने त्या रिव्हॉल्व्हरला जी प्रसिद्धी दिली तिचा हरणाशीही संबंध नव्हता आणि कीथशीही.

हरणाचे काय? हा प्रश्न तुमच्या मनात केव्हाचा आला असेल. आमच्याही आला होता. रिव्हॉल्व्हरने हरीण मारणे म्हणजे कमी ताकदीच्या शस्त्राने मोठे जनावर मारणे. नळी आखूड, खांद्याला टेकवायला दस्ता नाही, हात जरा कापला की गोळी भलतीकडे. प्रामाणिक शिकारी म्हणतात की सामान्य माणसाने पन्नास यार्डांपलीकडे हरणावर रिव्हॉल्व्हर झाडू नये. गोळी पुढच्या पायामागून दोन्ही फुप्फुसांतून गेली तर हरीण थोडे धावून पडते. पोटात लागली तर ते मैलोगणती जाते आणि झुडपात पडून तासन्‌तास मरते. अमेरिकेतील पुष्कळ राज्यांनी याच भीतीने हरणासाठी पिस्तूल वापरण्यास दीर्घकाळ मनाई ठेवली होती. बहुतेकांनी पुढे ती उठवली, पण काडतुसाच्या मापाच्या अटी घालून.

कीथची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. ४४ मॅग्नम हाती आल्यावर, दुसऱ्या शिकाऱ्याने जखमी केलेले एक हरीण डोंगर चढून निसटत होते. कीथने म्हणे सहाशे यार्डांवरून रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या झाडून ते पाडले. यावर तिकडे आजतागायत वाद आहे. आम्हाला ती गोष्ट जशीच्या तशी पटत नाही. चौपाटीवर बसून सांगितलेल्या गोष्टीसारखी ती थोडी फुगलेली दिसते. पण तो का झाडत होता, हे त्याने जे सांगितले ते मात्र पटते. जखमी जनावर तसेच सोडू नये. ज्याला जड गोळीचा आणि भारी काडतुसाचा इतका सोस होता त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती. हलक्या काडतुसाने जखमी होऊन निसटलेली जनावरे त्याने पाहिली होती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९०० च्या सुमारास, बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे, अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे अंदाजे पाच लाख उरली होती. त्याच वर्षी लेसी कायदा झाला. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली, बंदुका आणि काडतुसे यांवरचा कर वन्यप्राण्यांच्या रक्षणाला जोडून दिला; पिस्तुलांवरचा कर त्यात १९७० मध्ये आला. आज ती हरणे सुमारे तीन कोटी आहेत असा अंदाज आहे. आपल्याकडे वाट वेगळी निघाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची दारे लावली आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली फटही बुजवली. काळविटाच्या देशात आम्हाला हेच योग्य वाटते. पण तिकडचा माणूस केवळ रक्तपिपासू म्हणून हरीण मारतो असे समजणेही चूक. पेनसिल्व्हेनिया-मिशिगनमधला पोलाद कामगार नोव्हेंबरात रजा टाकून रानात जातो, आणि त्या मांसावर त्याच्या घरचा हिवाळा निघतो.

आता मूळ मुद्दा. काडतुसे भरणारा माणूस स्वतःला स्वावलंबी म्हणवतो. गोळी त्याने पाडलेली, दारू त्याने तोललेली, पुंगळी त्याने दहादा वापरलेली. त्याला वाटते, आपण कारखान्याच्या तावडीतून सुटलो. पण एक वस्तू त्याला घरी करता येत नाही, आणि ती म्हणजे टोपी. त्या टोपीत मावणारा मसाला कोरडा असताना नुसत्या घर्षणाने उडतो. म्हणून तो ओला कालवतात, आणि शेकडो बारीक भोके असलेल्या ताटलीवर कामगार तो हाताने सारवतो, म्हणजे प्रत्येक भोकात नेमके तेवढेच भरते. मग ते टोप्यांत उतरवतात. इतकी यंत्रे निघाली तरी हे काम पुष्कळ ठिकाणी अजून माणसाच्या हाताचे आहे. २०२० आणि २०२१ मध्ये अमेरिकेत टोप्यांचा दुष्काळ पडला. घरोघर डाय तयार, शिसे तयार, दारू तयार, पुंगळ्या घासून चकचकीत. आणि टोपी नाही म्हणून सगळे मेज बंद!

या टोप्या आणि काडतुसे करणाऱ्यांचे एक मोठे गाव म्हणजे कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट. तिथे युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनी १८६७ पासून होती. १९१२ मध्ये ती रेमिंग्टनमध्ये मिळाली. पहिल्या महायुद्धात युरोपातून मागण्यांचा पूर आला, गावात माणसे मावेनात, एकाच खाटेवर पाळीपाळीने कामगार झोपत. १९१५ च्या उन्हाळ्यात तिथे संप झाले. मागणी आठ तासांच्या दिवसाची. रेमिंग्टनला ती मान्य करावी लागली, आणि मग गावातल्या एकामागून एक कारखान्यात, शिवणकाम करणाऱ्या बायकांपर्यंत, संप पसरला. हिवाळ्यापूर्वी ब्रिजपोर्ट आठ तासांचे गाव झाले होते. युद्धाची घाई कामगाराच्या बाजूने फार थोड्या वेळा उभी राहते. त्या वेळी ती राहिली. पुढे काडतुसांचे काम ब्रिजपोर्टहून अर्कान्सा राज्यातील लोनोक येथे हलवण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धात कीथही कारखान्यात गेला. युटा राज्यातील ऑग्डेन शस्त्रागारात तो दुरुस्त झालेल्या रायफली तपासण्याचे काम करी. त्याने पास केलेल्या रायफलीच्या लाकडी दस्त्यावर शिक्का बसे: ओ. जी. ई. के.; यातली शेवटची दोन अक्षरे एल्मर कीथची. हौशी संग्राहक आज तो शिक्का शोधत फिरतात आणि सापडला तर जास्त पैसे मोजतात. कीथ १९८४ मध्ये वारला.

काडतुसे भरणारा माणूस आपल्या खोक्यावर एक चिठ्ठी चिकटवतो. तीवर तारीख असते, गोळीचे वजन असते, दारूचे नाव आणि माप असते, ही पुंगळी कितव्यांदा भरली ते असते, आणि टोपी कोणत्या कंपनीची तेही असते. ती ताटली कोणी सारवली, एवढे मात्र तीवर नसते. तशी जागाच त्या चिठ्ठीत ठेवलेली नाही.